बादलीतला बाप्पा

मंडळाच्या बालगोपाळांसाठी आम्ही दरवर्षी गणपती करण्याचा वर्ग घेतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. आमच्यापैकी कोणीही चित्रकलेचे शिक्षक नाही. एक रसायनशास्त्रातला, दोन संगणकातल्या, एक घर सांभाळून सगळ्यांना सांभाळणारी, असा आमचा चौघांचा ताफा. तरी मुले येतात, हात बरबटवून घेतात आणि घरी जाताना एकेक बाप्पा घेऊन जातात. त्या आनंदात काही चुकत असेल असे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. चूक ध्यानात आली ती एका फोनने.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दीड दिवसाचा गणपती झाला, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्गातल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. “अहो, आमचा बाप्पा काल दुपारपासून बादलीत आहे. बुडतच नाही. तरंगतोय. काय करू?” मागून सात वर्षांच्या त्या मुलीचा आवाज आला, “काका, बाप्पाला जायचं नाहीये का?”

हसू आले, पण लगेच शरमही वाटली. कारण ती ‘माती’ आम्हीच निवडली होती. हलकी, रंगीत, हाताला न चिकटणारी, आपोआप वाळणारी. पुडक्यावर ‘बिनविषारी’ असा शिक्का. मुलांना काम सोपे, आयांना साफसफाई सोपी. ती माती नव्हतीच. प्लॅस्टिकचे सूक्ष्म पोकळ गोळे चिकट पदार्थात मळलेले होते. तरंगणार नाही तर काय? रसायनशास्त्राची डॉक्टरेट भिंतीवर लावून आम्ही पुडक्यावर काय लिहिले आहे ते वाचले होते, पण आत काय आहे ते पाहिले नव्हते. त्या बाप्पाला शेवटी कचऱ्याच्या पिशवीत घालावे लागले. आईने ते मुलगी झोपल्यावर केले.

तेव्हापासून आम्ही ठरवले, की वर्गात मूर्ती कशी करायची याच्या आधी ती कशाची करायची हे शिकवायचे. त्याचा हा वृत्तान्त.

पाच पेले

वर्गाचा पहिला अर्धा तास आता मूर्तीचा नसतो, पाण्याचा असतो. प्रत्येक टेबलावर पाच पेले पाणी. त्यांत आदल्या आठवड्यात वाळवून ठेवलेल्या पाच गोट्या सोडायच्या: एक शाडूची, एक इथल्या कुंभारकामाच्या मातीची, एक प्लॅस्टर ऑफ पॅरिसची, एक त्या तरंगणाऱ्या ‘माती’ची आणि एक कणीक-मिठाची. मुलांनी पाच मिनिटांनी, तासाने आणि (पेले घरी नेऊन) आठवड्याने काय दिसले ते लिहायचे.

शाडूची गोटी पाण्यात पडताच बुडबुडे सोडते आणि पाहता पाहता ढासळते. कुंभाराच्या मातीचेही तसेच. इथे एक गंमत मुलांना फार आवडते. त्याच मातीची ओली गोटी टाकली, तर ती तासन् तास तशीच राहते. कडकडीत वाळलेली मात्र पाण्यात लगेच फुटते. वाळलेल्या मातीच्या बारीक भेगांत पाणी शिरते, आतली हवा बाहेर पडते आणि कण सुटे होतात. म्हणून मूर्ती पूर्ण वाळवायची, ती केवळ रंग बसावा म्हणून नव्हे, तर नीट जावी म्हणूनही. आणि माती भट्टीत सहाशे अंश सेल्सिअसच्या वर भाजली, की ती पुन्हा माती होत नाही. तिचे मडके होते.

कणकेची गोटी आठवड्याने आंबते आणि घरभर वास सुटतो. (या प्रयोगाबद्दल काही पालकांनी आमच्याशी दोन दिवस अबोला धरला होता.) पण तोही धडाच आहे. खाण्याची वस्तू पाण्यात सोडली, की ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. ‘नैसर्गिक’ म्हणजे आपोआप ‘निरुपद्रवी’ असे नाही.

आणि प्लॅस्टरची गोटी? ती आठवड्यानेही जशीच्या तशी.

प्लॅस्टरचे काय होते

जिप्सम नावाचा खडक साधारण दीडशे अंशांवर भाजला, की त्यातले तीन चतुर्थांश पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. हेच प्लॅस्टर. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून पॅरिसचे नाव. भुकटीत पाणी घातले, की ती गेलेले पाणी परत घेते, सुयांसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि अर्ध्या तासात दगड तयार. या क्रियेत उष्णताही बाहेर पडते. २००७ साली इंग्लंडमध्ये शाळेच्या कलावर्गात एका मुलीने प्लॅस्टरमध्ये हात बुडवून ठेवले आणि तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. तेव्हा घरी हाताचा ठसा घेण्याचा उद्योग कोणी करू नये, एवढी विनंती.

दगड झालेले प्लॅस्टर पाण्यात विरघळते, पण किती? एका लिटरमध्ये सुमारे दोन ग्रॅम. पाच किलोची मूर्ती विरघळायला दोन हजार लिटरहून अधिक पाणी लागेल, तेही ढवळत राहिले तर. त्यावर तैलरंगाचा थर असला, तर पाणी आत पोचायलाच वेळ लागतो. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पडलेले हात, सोंडा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या पाहून ज्याला वाईट वाटले नाही असा मराठी माणूस विरळा.

यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एक सोपा उपाय काढला. आमच्या धंद्यातला म्हणून सांगताना जरा अभिमान वाटतो. बादलीभर पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालायचे, साधारण मूर्तीच्या वजनाइतके, आणि मूर्ती बुडवून अधूनमधून ढवळायचे. दोनएक दिवसांत प्लॅस्टरचा खडू होऊन तळाशी बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे शेतकऱ्याचे ओळखीचे खत, उरते. पुणे महापालिकेने ही भुकटी नागरिकांना वाटलीही. बेकरीत बिस्किटे फुलवायला हीच वापरतात. ज्यांच्या घरी जुनी प्लॅस्टरची मूर्ती माळ्यावर आहे त्यांनी हा मार्ग जरूर धरावा, मात्र उघड्यावर, कारण वास नाकाला झोंबतो. आणि उरलेले पाणी भरपूर पातळ करून हिरवळीला घालावे, ओढ्यात कदापि नाही. अमोनिया माशांना विष आहे.

पेणच्या कारागिराची बाजू

इथवर वाचून कोणाला वाटेल, की प्लॅस्टर बंद करा म्हणजे झाले. गोष्ट इतकी सोपी नाही. पेण आणि शेजारच्या हमरापूरच्या घराघरांतून वर्षभर गणपती घडतात. प्लॅस्टरची मूर्ती साच्यातून अर्ध्या तासात निघते, वजनाला हलकी, ट्रकमध्ये फुटत नाही, स्वस्त पडते. शाडूची मूर्ती जड, तिला वाळायला दिवसचे दिवस, त्यात कोकणातला पावसाळा. ऐन हंगामाच्या तोंडावर चार दिवस ऊन पडले नाही, तर कारागिराचा जीव टांगणीला लागतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मे २०२० मध्ये ती सुधारून प्लॅस्टरच्या मूर्तींना मज्जाव केला. कारागिरांच्या ओरडीनंतर तो वर्षभर पुढे ढकलला गेला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी काटेकोर पाळण्यास सांगितले; जून २०२५ मध्ये मूर्ती करण्यास व विकण्यास मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको असे बजावले; आणि जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावातच करण्यास सांगितले. ज्याचे घर यावर चालते त्याने कर्ज काढून साचे करावेत की मोडावेत? रेडमंडमध्ये बसून पेणच्या कारागिराला उपदेश करण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. पण देशी दुकानात मूर्ती घेताना “ही कशाची?” एवढे विचारणे आपल्या हातात आहे. शाडूची असेल आणि चार डॉलर जास्त पडत असतील, तर ते त्या वाळण्याच्या दिवसांचे आहेत, असे समजावे.

आपले पाणी

आता आपल्या दाराशी. समामिश तळ्याचे पाणी मेरीमूर पार्कपाशी नदी होऊन निघते आणि रेडमंडमधून लेक वॉशिंग्टनकडे जाते. भाद्रपद कधी ऑगस्टच्या अखेरीस येतो, कधी सप्टेंबरात. नेमक्या त्याच सुमारास चिनूक जातीचे सामन मासे समुद्रातून बॅलर्डच्या जलद्वारांतून वर येतात, लेक वॉशिंग्टन पार करतात आणि आपल्याच नदीतून समामिश तळ्यात व पुढे इसाक्वाच्या ओढ्यात अंडी घालायला जातात. आपले विसर्जन आणि त्यांचे आगमन एकाच मोसमात.

म्हणून मुलांना एक कडू गोष्टही सांगावी लागते: शाडूसुद्धा निर्दोष नाही. माती विरघळत नाही, ती फक्त सुटी होते. तिचे बारीक कण ओढ्याच्या तळाशी खड्यांच्या फटीत बसले, तर तिथल्या अंड्यांना ताजे पाणी मिळत नाही आणि ती गुदमरतात. कोकणातल्या पावसाळी नदीला, जी स्वतःच लाल गाळ वाहून नेते, मूठभर माती जड नाही. इथल्या नितळ ओढ्याला ती जड होते. परवानगीशिवाय पाण्यात काही सोडणे इथल्या कायद्यातही बसत नाही.

या भागाने पाण्याचा धडा एकदा चांगला गिरवला आहे. १९५० च्या दशकात लेक वॉशिंग्टनभोवतीच्या गावांचे सांडपाणी, प्रक्रिया केलेले का होईना, तळ्यातच पडत होते. त्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ माजले. वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक एडमंडसन यांनी कारण दाखवून दिले, लोकांनी १९५८ साली मतदान करून खर्चाचा बोजा उचलला आणि १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी तळ्यापासून वळवले गेले. तळे पुन्हा स्वच्छ झाले. आणि अगदी अलीकडे, २०२० च्या अखेरीस, टकोमा व पुयालपच्या संशोधकांनी शोधून काढले, की पावसानंतर शहरातल्या ओढ्यांत कोहो सामन मरतात ते मोटारीच्या टायरमधल्या एका रसायनापासून होणाऱ्या पदार्थामुळे. टायर करणाऱ्याला मासे मारायचे नव्हते. वस्तू झिजल्यावर तिचे काय होते हे कोणी विचारले नव्हते, इतकेच. आमच्या तरंगत्या बाप्पाचीही तीच कथा.

रंग, चमकी आणि शेंदूर

रंगांच्या टेबलावर पूर्वी चमकी आणि अ‍ॅक्रिलिक असे. चमकी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकचे तुकडे, आणि अ‍ॅक्रिलिक रंग वाळला की प्लॅस्टिकचाच पापुद्रा. दोन्ही आम्ही काढून टाकले. मुलींनी चमकीसाठी मोर्चा काढला, पण आम्ही टिकलो.

आता असतात गेरू, चुना, काजळ, हळद आणि डिंकाचे पाणी. हळदीचा प्रयोग तर हमखास टाळ्या घेतो. हळदीत बुडवलेल्या कागदावर सोड्याचे पाणी सोडले की लालभडक, लिंबू पिळले की परत पिवळा. हळदीला चुना लावून कुंकू होते ते यामुळेच, हे ऐकून मुले आईच्या कपाळाकडे निरखून पाहू लागतात. पण हळद खिडकीच्या उन्हात काही दिवसांत फिकी पडते. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज, तो वर्षानुवर्षे तसाच. म्हणून पितांबर सावलीत, धोतर कुठेही!

शेंदूर मात्र आम्ही वर्गात येऊ देत नाही. खरा शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. २०१७ साली रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या आणि भारतातल्या दुकानांतले शेंदुराचे नमुने तपासले, तेव्हा बहुसंख्य नमुन्यांत शिसे सापडले. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. देव्हाऱ्यातला शेंदूर मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, ही सर्व आयांना कळकळीची विनंती.

आणि तो ‘बिनविषारी’ शिक्का? या देशात १९८८ साली कलासाहित्याच्या लेबलांबद्दल कायदा झाला, तो चांगलाच आहे. पण तो वापरणाऱ्याच्या प्रकृतीपुरता बोलतो. वस्तू टाकून दिल्यावर कुठे जाते, याबद्दल तो काही सांगत नाही. ते आपणच विचारायचे.

माती कुठली आणि जाते कुठे

पहिल्या वर्षी उत्साहाने आम्ही भारतातून शाडू मागवला. मग हिशेब केला, तर गुजरातेतून निघालेली ती माती अर्धी पृथ्वी ओलांडून आली होती, आणि तिच्या भाड्यात दोन कुटुंबांचे मोदक झाले असते. ज्या गावाबाहेर १९१३ साली विटांनी बांधलेला रस्ता अजून शाबूत आहे, त्या मुलखात मातीचा काय तोटा? आता कुंभारकामाच्या दुकानातून २५ पौंडांची पिशवी आणतो. शाडूचा एक गोळा तेवढा पेल्यातल्या परीक्षेसाठी राखून ठेवतो.

मातीची भुकटी मुलांसमोर मळायची नाही आणि सांडलेली वाळकी माती झाडायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची. त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. हात मोरीत धुवायचे नाहीत, बादलीत धुवायचे, नाहीतर नळ तुंबतो. (हे ज्ञान आम्ही प्लंबरला पैसे देऊन मिळवले.)

विसर्जन घरीच, बादलीत. दोन दिवसांनी वरचे नितळ पाणी फुलझाडांना घालायचे आणि खालचा चिखल डबा भरून आमच्याकडे आणायचा. तो आम्ही एका जाड लादीवर पसरतो, ती लादी जास्तीचे पाणी शोषून घेते आणि माती पुन्हा मळण्याजोगी होते. ही लादी कशाची, ठाऊक आहे? प्लॅस्टर ऑफ पॅरिसची! जगभरचे कुंभार तीच वापरतात. वर्षानुवर्षे टिकायचे असेल तिथे प्लॅस्टरसारखा सेवक नाही. दीड दिवसात जायचे असेल तिथे मात्र ते नको.

या डब्याच्या योजनेला विरोध झाला, तो लपवत नाही. एक आजोबा म्हणाले, “पूजलेल्या देवाची माती पुन्हा पोरांच्या हातात देता? पायाखाली येईल.” त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. आम्ही चाचरलो. उत्तर दिले ते गावाहून सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आजींनी. त्या म्हणाल्या, “अहो, आमच्याकडे विसर्जन झालं की रिकामा पाट घरी आणत नाहीत. नदीतली मूठभर माती पाटावर घालून आणतात आणि घरभर टाकतात. उत्तरपूजा झाली, देव गेला. माती मागं राहते ती घरचीच.” आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बरं, पण डबा जमिनीवर ठेवायचा नाही.” तेव्हापासून डबे टेबलावर ठेवतो. पूजेतही आपण त्याला पार्थिव गणपतीच म्हणतो, म्हणजे मातीचाच.

सगळे सुरळीत झाले असेही नाही. गेल्या वर्षी सहा बाप्पांना पोटावर तडे गेले, कारण पालकांनी लवकर वाळावे म्हणून ते हीटरच्या झरोक्यापाशी ठेवले. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो, म्हणून तडा. कापडाखाली, सावकाश, आठवडाभर वाळवावे. दोघा-तिघांनी सरळ सांगितले, की दुकानातली मूर्ती जास्त सुबक दिसते. दिसतेच. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिका पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. तिथे अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून मुलांना खेळणी करायला शिकवली. ती खेळणीही दुकानातल्यासारखी सुबक नव्हती. पण मुलाला ती उघडून आत काय आहे ते पाहता येत होते, आणि मोडली तर पुन्हा करता येत होती.

ती तरंगत्या बाप्पावाली मुलगी आता दहा वर्षांची आहे आणि लहानांना पाच पेल्यांचा प्रयोग तीच दाखवते. गेल्या वर्षी माती मळताना तिने विचारले, “काका, यात मागच्या वर्षीचे सगळे बाप्पा मिसळलेत ना? माझा, साऱ्यांचा?” आम्ही हो म्हटले. “मग ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायची गरजच नाही. आलेलेच आहेत,” ती म्हणाली.

तरी आपण म्हणतोच, आणि म्हणत राहू.

यंदाचा वर्ग गणपतीच्या आधीच्या दुसऱ्या शनिवारी, नेहमीच्या जागी. सोबत आणावे: जुना शर्ट, ओले फडके, झाकणाचा डबा, आणि गेल्या वर्षीची माती. ती कोणाकडे गॅरेजमध्ये राहिली असल्यास कृपया विसरू नये. हातांची गरज आहेच. स्वयंसेवक पालकांनी आधी कळवल्यास चहा जास्त टाकता येईल.

गणपती बाप्पा मोरया!